गाळणीपुढची तोटी

लांतावान, ११ फेब्रुवारी १९९५

इंदाय मिंडा,

तू विचारलंस, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला रक्तदाबातलं काय कळतं. धाकट्या बहिणीने विचारलं म्हणून सांगतो, एरवी मी असली यादी करत बसत नाही. या दोन हातांनी आजवर केलं ते असं: पडत्या पाण्याच्या धक्क्यावर आपोआप चालणारे सतरा पंप, ज्यांना डिझेल लागत नाही की वीज. त्यातले सोळा आजही पाणी चढवताहेत, सतरावा पुरात गेला, तो पुराचा दोष. राहतं घर, जोत्यापासून आढ्यापर्यंत. भात कांडायचं पाणचाक. चर्चच्या घंटेचा दांडा. तुझ्या वहिनीचं, सालिंगचं शिवणयंत्र, तीन मोडक्या यंत्रांचं मिळून एक. वडिलांची शवपेटी, नारा लाकडाची, खिळा एकही न मारता. आणि शेवटचं म्हणजे दाब मोजायची पाऱ्याची पट्टी. काचेची नळी भंगारातली, पारा वरच्या ओढ्यात सोनं धुणाऱ्यांकडून आणलेला, दंडाचा पट्टा मोटारसायकलच्या ट्यूबचा. कानाला लावायची नळी तेवढी तुझी. आरोग्य केंद्रातल्या यंत्राशेजारी ठेवून पट्टी ताडून पाहिली, दोन खुणांचा फरक निघाला. त्यांचं यंत्र उघडलं तर त्यातच हवा शिरलेली होती.

तर मला कळतं ते एवढं. वरचा एकशे चोवीस, खालचा ऐंशी. सकाळी तेवढा, संध्याकाळी तेवढाच. नाताळात तू सुट्टीवर आलीस, मला मानगुटीला धरून बाकोलोदच्या डॉक्टरकडे नेलंस, त्याने साखर असल्याचं सांगितलं. उसाच्या बेटावरच्या माणसाला साखर झाली, यात त्याला गंमत वाटली. मला वाटली नाही. त्याने साखरेची एक गोळी दिली आणि दाबाची एक पांढरी. आता ज्याचा दाब चोख आहे त्याला दाबाची गोळी कशाला, हे मी विचारलं, तर थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "तुम्ही घ्या, मानोंग, चांगली असते." चांगली असते म्हणजे काय? मी पंप लावून देतो तेव्हा लोकांना असं सांगतो का, की राहू द्या, चांगला असतो?

काळजी करू नकोस. घ्यायचं ते घेतो. कारल्याचा रस घेतो, सालिंग गोड कॉफी देत नाही. मध्ये खोकल्याने हैराण केलं होतं, गेला. आणि तब्येत विचारशील तर एवढंच सांगतो की अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही मुतताना फेस येतो. जवान माणसाचा दाब आहे, इंदाय.

तुझा थोरला,
देन्सियो


जेद्दा, ९ एप्रिल १९९५

मानोंग,

यादी वाचली. त्यात एक काम लिहायचं राहिलं: सालिंगला आणि मला वेड लावायचं. तेही तू एकट्याने केलंयस, कुणाची मदत न घेता.

आता नीट ऐक. फेसावर विनोद करू नकोस. भांड्यात घेऊन बघ, फेस लगेच विरतो की टिकून राहतो. टिकत असेल तर आरोग्य केंद्रात जा आणि लघवीत प्रथिन जातंय का ते तपासायची कागदी पट्टी माग. ती तू बनवू शकत नाहीस, ती विकतच मिळते.

माझ्या वॉर्डात चौदा खुर्च्या आहेत. प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र, त्यातून माणसाचं रक्त बाहेर येतं, धुतलं जातं, परत आत जातं. आठवड्यातून तीनदा. मूत्रपिंडं गेलेली माणसं ही. त्यातला एक येमेनी गवंडी अगदी तुझ्या वळणाचा आहे. दर खेपेला यंत्राला कान लावतो आणि मला सांगतो, "सिस्टर, याचा वायसर सैल झालाय." आणि बहुतेक वेळा झालेला असतो. त्याला मी विचारलं होतं, फेस कधीपासून यायचा. म्हणाला, सात वर्षं. मला वाटलं, साबणाचा असेल.

तू बापाच्या पेटीचं लिहिलंस. ती तू दोनदा मापली होतीस, हे मात्र लिहिलं नाहीस. पहिली चौकट अरुंद पडली, कारण माप घेतलं त्यानंतर तीन दिवसांत बाप आणखी सुजला. डोळे उघडत नव्हते. आपण म्हणालो, कुणाची तरी नजर लागली. मानोंग, त्यालाही साखरच होती, कुणी तपासली नाही एवढंच.

पांढरी गोळी घेतोस का? हो किंवा नाही. "घ्यायचं ते घेतो" हे उत्तर नव्हे. मला कुठेतरी पाणी मुरल्यासारखं वाटतंय.

मिंडा


लांतावान, २३ जुलै १९९५

इंदाय मिंडा,

तुझं पत्र उशिरा पोचलं. सध्या मेलेले महिने आहेत. ऊसतोड संपलेली, नवी लावण व्हायची, गिरणीचा भोंगा बंद. माणसं दारात बसून एकमेकांच्या कोंबड्या मोजतात. अशा वेळी पोस्टमनसुद्धा वर चढायला नाखूश असतो.

गोळीचं विचारलंस. डबी खिडकीत आहे, रोज सकाळी दात घासताना माझ्यासमोरच असते. झालं समाधान?

कागदी पट्टी केली. हिरवट झाली. नर्स म्हणाली, एक अधिक. चारांपैकी एक. मी तिला म्हटलं, मुली, माझ्या सोळा पंपांतली एक झडप दाखव जी थेंबभरही गळत नाही. गळणं आणि फुटणं यांत फरक असतो. ती हसली. तू हसणार नाहीस, ठाऊक आहे.

आता चांगली बातमी. अठरावा पंप लागला. डोंगराच्या अगदी वरच्या वस्तीवर, जिथे बायका पाण्यासाठी दरीत उतरायच्या. पाइप वर न्यायला तिथलाच एक पोरगा होता, रोडेल, इसिद्रो नावाच्या ऊसतोड्याचा थोरला मुलगा. एकोणीस वर्षांचा असेल. दोन दोन पाइप खांद्यावर आणि तोंड अखंड चालू. मला म्हणतो, "मानोंग, तुमचा पंप बायकोसारखा आहे. दिवसरात्र टक टक करतो, पण घर त्याच्यावरच चालतं." त्याच्या बापाच्या पायाला कोयता लागलेला आहे, जखम वर्षभर भरत नाही. पाणी वर पोचलं त्या दिवशी त्यांनी कोंबडी मारली. भाताबरोबर गिनामोस होतं, खारवलेल्या मासळीचं, सुरेख मुरलेलं. मी तीनदा घेतलं. तुला का सांगतोय कोण जाणे.

खोकला पुन्हा आलेला नाही. गुडघे दुखतात, त्याला दुकानातली गोळी घेतो, लगेच गुण येतो. दाब एकशे सव्वीस, ब्याऐंशी.

देन्सियो


लांतावान, ५ ऑक्टोबर १९९७

मिंडा,

मी सालिंग लिहितेय. तुझ्या भावाला ठाऊक नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय, अक्षर वाईट आहे, चालवून घे.

दोन वर्षं तो तुला नाताळचं कार्ड पाठवतो आणि त्यावर दाबाचे आकडे लिहितो. आकडे खरे आहेत. तो खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. ती पांढरी गोळी त्याने तू गेलीस त्याच महिन्यात सोडली. डबी खिडकीत आहे, ते खरं. तिच्यात आता तो वायसर ठेवतो.

सोडली, कारण खोकला. कोरडा, रात्रभर, कफ नाही काही नाही. पंपाच्या जागा बघायला तो वस्त्यांवर जायचा तिथे लोकांनी त्याचा पेला वेगळा ठेवायला सुरुवात केली. उघड कुणी बोललं नाही, पण क्षयाच्या माणसाचा पेला जसा कोपऱ्यात पालथा घालतात तसा. एका म्हातारीने नातवाला त्याच्या मांडीवरून उचलून नेलं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीवर दाब मोजला, मला म्हणाला, "बघ, चोख आहे. ज्या नळाला गळती नाही त्याला मी सिमेंट थापत नाही." गोळी बंद केली, चार दिवसांत खोकला थांबला. मग काय, त्याचं म्हणणं खरं ठरल्यासारखंच झालं. मीही मान डोलावली. मलाही तो पेला बघवत नव्हता.

या पावसाळ्यापासून पावलं सुजतात. त्याने बुटांच्या कडा कापल्या, वर चामड्याचा तुकडा शिवला, इतका सफाईदार की लोक विचारतात कुठे मिळाले. सकाळी डोळे जड. मासळीचा वास आला की उलटी. आणि दाब आता वर जातो. पहिल्यांदा म्हणाला, पारा मळला. हरणाच्या कातड्यातून गाळून घेतला. तरी तोच आकडा. मग पट्टी काखेत मारून आरोग्य केंद्रात गेला, त्यांच्या यंत्राशी ताडून आला. विचारलं तर म्हणाला, "जुळतंय." त्या दिवशी त्याने पट्टी भिंतीवरून उतरवून कापडात गुंडाळली.

तू त्याला रागावून लिही. माझं रागावणं तो ऐकतो आणि पाचर ठोकत बसतो.

सालिंग


जेद्दा, २ नोव्हेंबर १९९७

मानोंग,

कुणी सांगितलं ते विचारू नकोस. तू ओळखशीलच. तिला एक शब्द बोललास तर मी हे शेवटचं पत्र समजेन.

रागावून लिहायचं ठरवलं होतं, तीन कागद फाडले. मग वाटलं, बाकोलोदच्या डॉक्टरने जे तुझ्या भाषेत सांगायला हवं होतं ते मी तरी सांगते का? मीही "घे" एवढंच म्हणत राहिले. तर आता तुझ्या भाषेत विचारते. उत्तर दे.

एका पाइपवर तू गाळणी बसवलीस, कापडाची. पाणी येतं, त्यातलं थोडं कापडातून गाळून बाजूला पडतं, बाकीचं पुढच्या तोटीतून निघून जातं. आता कुणी ती पुढची तोटी आवळली. कापडावर काय होईल? आणि खाली दरीत, मुख्य पाइपवर जे गेज तू लावलं आहेस, ते काय दाखवेल?

मूत्रपिंडात अशा लाखो गाळण्या आहेत. प्रत्येकीपुढे एक तोटी. आणि ती तोटी आवळायचा हुकूम मूत्रपिंडच सोडतं. त्याला वाटलं की पाणी कमी येतंय, तर ते रक्तात एक निरोप धाडतं. हार्मोन म्हणतात त्याला. तो निरोप वाटेत फुप्फुसात पक्का होतो, मग अंगभर फिरतो: नळ्या आवळा, मीठ धरून ठेवा, दाब वाढवा. जखमेतून रक्त गेलं, ऊन लागलं, तर याच निरोपावर माणूस जगतो. पण साखरेच्या माणसात गाळण्यांशी हा निरोप चुकीच्या वेळी, नको तितका जातो, आणि सगळ्यांत घट्ट आवळली जाते ती हीच पुढची तोटी. दंडात दाब चोख. गाळणीत दाब फाटेपर्यंत. कापड उसवतं, प्रथिन गळतं. तोच तुझा फेस.

पांढरी गोळी दंडाच्या दाबासाठी नव्हती, मानोंग. ती निरोप पक्का होऊ देत नाही. तोटी सैल ठेवते.

आणि खोकला. घशात पीस अडकल्यासारखा, बोलता बोलता मध्येच उठणारा, पाणी प्यायलं तरी न जाणारा. फुप्फुसात जो कामगार तो निरोप पक्का करतो, तोच तिथला एक खाजरा कचराही साफ करतो. गोळीने त्याचे हात बांधले की कचरा साठतो आणि माणूस खोकतो. म्हणजे तू खोकत होतास तेव्हा गोळी तिचं काम करत होती.

आता हे लिहू की नको. पण लिहिते, कारण तू माझ्यापासून लपवलंस तसं मला करायचं नाही. खोकला न आणणारी याच कामाची दुसरी गोळी निघाली आहे. इथे गेल्या वर्षी आली. मला एक ओळ लिहिली असतीस, "खोकला येतो म्हणून सोडली", तर मी ती दर महिन्याला पाठवली असती.

उद्याच्या उद्या बाकोलोदला जा. रक्तातलं क्रिएटिनिन तपास. गुडघ्याची गोळी कचऱ्यात टाक, तीही मूत्रपिंड खाते. स्वतःच्या मनाने काही सुरू करू नकोस, काही बंद करू नकोस. हात जोडते.

मिंडा


लांतावान, १८ जानेवारी १९९८

इंदाय मिंडा,

तू प्रश्न विचारलास म्हणून उत्तर तोंडी देणं बरोबर वाटलं नाही. करून पाहिलं.

सहाव्या नंबरच्या पंपावर दोन इंची पाइपला फाटा काढला, गाळणी बसवली, कापड सालिंगच्या पिठाच्या पोत्याचं, दुहेरी. पुढे पितळी तोटी. गेज नेहमीच्या जागी, खाली. तोटी उघडी असताना कापड दिवसभर टिकलं. मग पाव फेरा आवळली. अर्धा फेरा. गेजचा काटा बघायला सालिंगला बसवलं होतं. ती खालून वर ओरडत होती, "तेवढाच आहे, तेवढाच आहे." पाऊण फेऱ्याला कापड शिवणीजवळ उसवलं आणि गढूळ पाणी बाजूला आलं. ती खाली तसंच सांगत होती, तेवढाच आहे.

गेज बरोबर होतं. माझी पट्टीही बरोबर आहे, अजूनही. मोजायची जागा चुकली.

बाकोलोदला गेलो. क्रिएटिनिन तीनच्या वर, असायला हवं एकच्या आसपास. डॉक्टर नवा आहे, तरुण, त्याने कागदावर चित्र काढून समजावलं आणि चित्र चुकीचं काढलं, पण म्हणणं तुझंच होतं. गोळी आता दिली तर जपून, कारण उरलेल्या गाळण्या थोड्या आहेत आणि रक्तातला क्षार वाढला तर हृदय थांबतं. म्हणजे जेव्हा घ्यायची तेव्हा मी घेतली नाही, आणि आता घ्यावी तर भीती. थोडी घेतो. आठवड्याला रक्त तपासतो. खोकला पुन्हा आला आहे. वस्तीवर गेलो की आधीच सांगतो, क्षय नाही, गोळीचा आहे. लोक हो म्हणतात आणि पेला पालथा घालतात. घालू देत.

सालिंगला बोललो नाही. तिलाच विचार.

ती मला विचारत होती, मिंडाला तो खोकला एवढा बारीक कसा ठाऊक, घशात पीस वगैरे. मी म्हटलं, नर्स आहे ती, रोज ऐकत असेल.

देन्सियो


जेद्दा, ६ मार्च २०००

मानोंग,

सालिंगने सांगितलं की जानेवारीपासून तुझं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा लागतं, तू दोनदाही जात नाहीस. पहाटे जीपमध्ये बसून चार तास खाली, यंत्रावर चार तास, मग वर. ज्या दिवशी जातोस त्याच्या दुसऱ्या दिवशी उठता येत नाही. तू मला लिहिलंस, "यंत्र जुनं पण चांगलं आहे, पंप जरा घासतो." एवढंच.

मी वॉर्डात रोज बघते, मानोंग, दोनदाही न येणाऱ्यांचं काय होतं. त्यांची खुर्ची आम्ही फार दिवस रिकामी ठेवत नाही.

मूत्रपिंड बदलायला हवं. माझं देता आलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं, विमानात बसले असते. देता येत नाही. मला साखर आहे. १९९४ पासून. त्या नाताळात तुला बाकोलोदला नेलं ते माझं निदान झालं म्हणून. ती पांढरी गोळी मीही घेते, खोकत खोकत. नव्या गोळीचं लिहिलं होतं ना, ती इथे महाग पडते, म्हणून मी तुझ्यासाठी घेणार होते, माझ्यासाठी नव्हे. तुझी पत्रं मी खोकतच वाचत आले. तुला सांगितलं नाही कारण तू म्हणाला असतास, नर्सला स्वतःचं सांभाळता येत नाही आणि मला शिकवते. सालिंगला मात्र वास लागला होता म्हणायचा.

म्हणून दुसरी वाट काढली आहे. मनिलात एक माणूस आहे जो अशी जुळवणी करतो. नाक मुरडू नकोस, तिथे परदेशातून लोक येऊन नेतात, तू तर त्याच मातीतला. मी त्याला सांगितलं, अनोळखी नको, आमच्या डोंगराकडचा बघ. त्याला मिळाला. चोवीस वर्षांचा, धडधाकट, रक्तगट जुळला, राजीखुशीने तयार. नाव मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. शस्त्रक्रियेचं, औषधांचं, त्या मुलाचं, सगळं माझ्याकडे लागलं. इथला करार आणखी चार वर्षांनी वाढवला आहे, सही झाली.

तू फक्त हो म्हण. आयुष्यात एकदा कुणीतरी दुसऱ्याने केलेली वस्तू वापर.

मिंडा


लांतावान, १९ जून २०००

इंदाय मिंडा,

उत्तराला उशीर झाला. अक्षर मला पटेना, दोनदा पुन्हा लिहिलं.

नाव विचारू नकोस म्हणालीस. मी विचारलं नाही. नावच चालत आलं. मागच्या रविवारी दुपारी मी अंगणात बसलो होतो, फाटकापाशी रोडेल. पाइप वाहणारा तो. आता खांदे आणखी रुंद झालेत, लग्न झालंय, दोन पोरं. हातात पपई.

"मानोंग, बसू का?"

"आधी पपई तिकडे ठेव, मला चालत नाही. फळांत क्षार असतो."

"मग काय चालतं तुम्हाला?"

"फारसं काही नाही."

तो हसला, मग एकदम म्हणाला, "मानोंग, तो मीच. मनिलाच्या माणसाने सांगितलं नव्हतं, पण आजारी कुठला, वय काय, पंप करतो का, असं विचारत विचारत मी काढलं. मला बरं वाटलं, तुम्हीच आहात म्हणून. परक्याच्या पोटात जाण्यापेक्षा."

मी सालिंगला कापडात गुंडाळलेली पट्टी काढायला सांगितली. अडीच वर्षं उघडली नव्हती. पारा गाळला, शून्यावर आणला. त्याच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. माझ्या कानांनी ऐकलं. इतका स्वच्छ ठोका मी कुठल्या झडपेचा ऐकला नाही.

"बाप कसा आहे?"

"दुसरा पायही काढला मार्चमध्ये. म्हणतो, बरं झालं, चपलांची कटकट गेली."

"त्याला साखर."

"हो, मग?"

"मुतताना तुला फेस येतो का?"

"मानोंग, कुणी बिअर पाजली तर येईल."

त्याला ओट्यावर बसवून मी सगळं सांगितलं. गाळणी, कापड, पुढची तोटी, तोटी आवळणारा निरोप. तू मला सांगितलंस त्याहून सोपं करून. दोन गाळण्या आहेत तोवर पाणी वाटून घेतात. एक काढलीस की सगळं पाणी एकीवर, आणि दाब तिच्यात. ज्याच्या बापाला साखर नाही त्याचं त्यात निभावतं म्हणतात. तुझ्या बापाचे दोन्ही पाय गेलेत. तुझ्या रक्तात ती साखर बसलेली असेल आणि दहा वर्षांनी उठेल, तेव्हा तुला गाळणी एकच. आणि दंडावर तेव्हाही एकशे सोळाच दिसेल, म्हणून तू निवांत राहशील. मी राहिलो होतो.

त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मानोंग, ऊस तोडायला एक पुरतं."

"मी नाही घेणार."

"तुम्ही नाही घेतलंत तर मला मनिलाला जावं लागेल. तिथे कुणी विचारणार आहे, बापाचे पाय किती? तिथे दंडसुद्धा कुणी बघणार नाही."

"जाऊ नकोस."

"आणि मेलेल्या महिन्यांत पोरांना काय घालू? तुमची पट्टी?"

तो गेला. पपई राहिली. सालिंगने ती शेजारी दिली. तो मनिलाला गेला की नाही, माहीत नाही. वस्तीवर कुणी सांगत नाही, किंवा मला सांगत नाही.

हे करताना मी शहाणपण केलं की अवलक्षण, ते तू ठरव. तुझ्या सहीचं वाईट वाटतं. करार मोडता येत असेल तर मोड. येत नसेल तर त्या चार वर्षांतल्या पहिल्या महिन्याच्या पगारातून खोकला न आणणारी गोळी घे, तुझ्यासाठी, आणि मुदत संपली की परत ये. फेस बघ. कागदी पट्टी दर तीन महिन्यांनी. एक अधिक आली तरी मला नाही तर सालिंगला लिही. गळणं आणि फुटणं एकच असतं, वेळ तेवढी वेगळी.

सालिंगला झडपांचं चामडं बदलायला शिकवलं आहे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, नवव्या पंपाचा ठोका तिने माझ्याहून नीट लावला. बाकोलोदला मी आठवड्यातून एकदाच जातो, जमेल तोवर. जीपवाला आता पुढची जागा ठेवतो.

पेटीच्या फळ्या कापून ठेवल्या आहेत. नारा आता मिळत नाही, लाकूड साधंच आहे, पण सांधे खाचेचे, खिळा नाही. रुंदी या वेळी आधीच जास्त धरली आहे, म्हणजे तुम्हाला पुन्हा मापायला नको.

पहिल्या पत्रात मी केलेल्या वस्तूंची यादी दिली होती. तिच्याखाली ही एक ओळ लिहून ठेव, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की देन्सियोला कुणी काही देऊ केलं नव्हतं. देऊ केलं होतं ते असं: रोडेलचं डावं मूत्रपिंड, वय वर्षं चोवीस, दाब एकशे सोळा-चौऱ्याहत्तर, माझ्याच पट्टीवर मोजलेला. मी नको म्हटलं. त्याच्या हातात पडणार होते पंच्याण्णव हजार पेसो.